दोष नेमका कुठे?

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तसं आमच्या उर्दू शाळेच्या कॉम्प्युटर खोलीतही आलं. आदल्या दिवशीच आम्ही कॉम्प्युटर बाकांवर चढवले होते, म्हणून ते वाचले. पण पाणी ओसरल्यावर सुरू केले, तर अकरापैकी एकालाही इंटरनेट मिळेना. दुकानदाराने दारातूनच निकाल दिला, "सर, ओल लागली. नेटवर्कची चिप गेली. सगळे बोर्ड बदला." मुलींचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे होते आणि अकरा बोर्डांचे पैसे शाळेकडे नव्हते.

साताऱ्याचा माझा भाचा हार्डवेअरचं काम करतो. त्याला बोलावलं. आल्या आल्या त्याने विचारलं, "मामू, चिप गेली हे तपासलं कोणी?" मी अभिमानाने सांगितलं की 127.0.0.1 ला पिंग केलंय, उत्तर येतंय. तो हसला. तो निरोप कॉम्प्युटरच्या प्रोग्राममध्येच फिरतो, चिपपर्यंत पोचतच नाही. मग त्याने लूपबॅक चाचणी लावली. चिपने पाठवलेला निरोप चिपलाच परत द्यायचा आणि जसाच्या तसा आला का ते पाहायचं.

ही युक्ती कॉम्प्युटरपेक्षा जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात तारायंत्राच्या तारा मैलोन्‌मैल जात. जमिनीखालून गेलेल्या तारेत बिघाड झाला, तर खणायचं कुठे? तेव्हा दूरच्या टोकाला खराब तार चांगल्या तारेला जोडत. फेरा पूर्ण होई, आणि इंजिनिअर आपल्या टोकाला बसून विद्युतरोध मोजून दोष किती अंतरावर आहे ते काढत. मरे आणि व्हार्ली यांच्या नावांच्या या चाचण्या आजही शिकवल्या जातात.

इथरनेटची कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी 22 मे 1973 च्या एका टिपणात मांडली. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात डेव्हिड बॉग्ज यांच्यासोबत त्यांनी ती उभी केली. एकाच केबलवर अनेक यंत्रं. काही बिघडलं की प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवावं, अशीच ती मांडणी. ऐंशीच्या दशकात नॅशनल सेमीकंडक्टरची डीपी 8390 ही चिप आली. गाजलेलं एनई 2000 कार्ड तिच्यावरच बनलं. तिच्यात लूपबॅकच्या तीन पायऱ्या होत्या: पहिली चिपच्या आतून, दुसरी संकेत बदलणाऱ्या शेजारच्या चिपपासून आणि तिसरी थेट केबलच्या तोंडापासून. ज्या पायरीवर निरोप परतत नाही, तिथे दोष.

आमच्याकडेही भाच्याने तसंच केलं. पहिली पायरी पास. दुसरी पास. तिसरीसाठी त्याने केबलच्या टोकाचा एक सुटा प्लग घेतला. एक क्रमांकाची तार तीनला आणि दोनची सहाला जोडली, म्हणजे पाठवणाऱ्या तारा ऐकणाऱ्या तारांना मिळाल्या. प्लग खाचेत बसवला. निरोप सुखरूप परत आला. अकराच्या अकरा चिपा ठणठणीत होत्या.

"अकरा जण एकाच दिवशी आजारी पडले, तर आधी विहीर बघायची," तो म्हणाला. आमची विहीर म्हणजे भिंतीला अगदी खाली ठोकलेला स्विच. सगळ्या केबल त्यालाच येत होत्या आणि तो पाण्यात बुडाला होता. स्विच आणि चार केबल बदलल्या. संध्याकाळी पहिला अर्ज भरला गेला.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. दुकानदाराच्या शब्दावर मी आदल्या रात्रीच कागद तयार केला होता, 'अकरा संगणक नादुरुस्त, निकामी ठरवावेत'. खाली सही माझी. न तपासता एखाद्यावर ठपका ठेवला की किती वाईट वाटतं, हे मला कोणी शिकवायला नको. तरी मी तेच केलं होतं. तो कागद मी फाडलेला नाही. टेबलाच्या खणात ठेवलाय.