खंदकयुद्ध

खंदकयुद्ध : जमिनीत खोदलेल्या खंदकांच्या आश्रयाने दोन सैन्यांनी समोरासमोर ठाण मांडून दीर्घकाळ चालविलेले युद्ध. वेढ्याच्या कामी चर खणण्याची पद्धती जुनी आहे. अमेरिकन यादवी युद्धातील पीटर्झबर्गचा वेढा (१८६४–६५) आणि रशिया-जपान युद्धातील पोर्ट आर्थर व मुकडेन येथील लढाया (१९०४–०५) यांत तिचे आधुनिक रूप दिसून आले होते. बहुतेक यूरोपीय सेनानींनी मात्र त्यावरून उलटाच बोध घेतला : निर्धाराने चढाई करणारे पायदळ मोठी हानी सोसूनही अखेर जिंकते.

सप्टेंबर १९१४ मधील मार्नच्या लढाईनंतर परस्परांची बगल गाठण्याची धडपड समुद्रकिनाऱ्याशी संपली आणि स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपासून उत्तर समुद्रापर्यंत सु. ७०० किमी. लांबीची खंदकांची रेषा तयार झाली. तिला बगलच नसल्याने समोरून धडक देणे भाग पडले. मशीनगन, शीघ्रगती तोफा आणि मुळात गुराढोरांना अडविण्यासाठी निघालेली काटेरी तार यांपुढे उघड्यावरील पायदळाचा निभाव लागत नसे. तथापि कोंडीचे कारण एवढेच नव्हते. पुरेशा तोफा असल्यास पहिला खंदक घेता येई. खरी अडचण त्यानंतर सुरू होई. बचाव करणाऱ्याची राखीव दले रेल्वेने येत, तर चढाई करणाऱ्याची कुमक तोफगोळ्यांनी उखडलेल्या भूमीवरून पायी जाई. दूरध्वनीच्या तारा तुटत व पायदळाला सहज बरोबर नेता येईल असे बिनतारी यंत्र नव्हते. त्यामुळे पुढे गेलेल्या तुकड्यांचे काय झाले, हे सेनापतीला कित्येक तास कळत नसे.

फ्रान्समधील न्यूव्ह शापेलच्या लढाईत (१०–१३ मार्च १९१५) हे प्रथम स्पष्ट झाले. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून शत्रूच्या खंदकांचे नकाशे तयार करून ब्रिटिश तोफखान्याने अवघी ३५ मिनिटे भडिमार केला. हल्ल्यातील निम्मे सैन्य हिंदी होते. सकाळीच गाव हाती आले. यात ३९ व्या गढवाल रायफल्सचा गबरसिंग नेगी याने शत्रूच्या मुख्य खंदकात आघाडीवर राहून वळणामागून वळण जिंकले. तो तेथेच पडला व त्यास मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. परंतु पुढील चढाईचे हुकूम पोहोचेपर्यंत दुपार टळली, तोवर जर्मनांनी फळी सावरली. सु. २ किमी. भूमीसाठी ब्रिटिश व हिंदी मिळून ११,००० हून अधिक सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले, त्यांत सु. ४,२०० हिंदी होते.

या लढाईतून काढलेला निष्कर्ष ‘आणखी तोफगोळे हवेत’ एवढाच होता. अनपेक्षितपणा हे तिच्या पहिल्या यशाचे मर्म होते, पण तेच दुर्लक्षिले गेले. सॉम येथे सात दिवसांत सु. १५ लाख गोळे डागण्यात आले. त्यायोगे शत्रू सावध झाला, मात्र त्याची खोल तळघरे शाबूत राहिली. १ जुलै १९१६ या एका दिवसात ब्रिटिशांची ५७,४७० माणसे कामी आली वा जायबंदी झाली. मृत १९,२४० होते.

नव्या शस्त्रांनीही कोंडी लगेच फुटली नाही. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्र येथे जर्मनांनी सोडलेल्या क्लोरीन वायूने मोठे भगदाड पडले. परंतु ते रुंदावण्यास त्यांच्यापाशी पुरेशी राखीव दले नव्हती आणि लवकरच मुखवटे निघाले. सॉमच्याच रणक्षेत्रात १५ सप्टेंबर १९१६ रोजी ब्रिटिशांनी रणगाडे प्रथम वापरले. त्यांतील बरेच वाटेतच बंद पडले. कांब्रे येथे (२० नोव्हेंबर १९१७) चारशेहून अधिक रणगाड्यांनी पूर्वभडिमाराविना तारा चिरडल्या. या विजयाप्रीत्यर्थ इंग्लंडमध्ये चर्चच्या घंटा वाजविण्यात आल्या, पण जर्मनांनी प्रतिहल्ल्यात बहुतेक भूमी परत घेतली.

तोफखाना, पायदळ, विमाने व रणगाडे यांचा मेळ आम्येंच्या लढाईत (८ ऑगस्ट १९१८) नीट जमला. तेथेही पहिल्या दिवशीच्या ४१४ रणगाड्यांपैकी पाचव्या दिवशी केवळ ६ चालते उरले. या वेळी मात्र मंदावलेला हल्ला रेटला नाही. तो थांबवून २१ ऑगस्टला उत्तरेस आल्बेअर भागात नवी चढाई सुरू करण्यात आली.