‘विंडो’ शब्दांतील डोळा

इंग्रजींत खिडकीला ‘विंडो’ म्हणतात. खिळ्यांच्या छापखान्यांत ओळीच्या अखेरीस हा शब्द तोडण्याची वेळ आली, म्हणजे जुळारी तो ‘विन्’ आणि ‘डो’ असा तोडीत असे. उच्चाराला धरून तें बरोबरच होतें. परंतु खिडकीचा अर्थ या दोन तुकड्यांपैकीं एकांतही सांपडत नाहीं. कारण शब्दाचा खरा सांधा तेथें नसून ‘ड्’च्या पलीकडे आहे.

हा शब्द मूळचा इंग्लंडचा नव्हे. इ. स. ७९३ मध्यें नॉर्स दर्यावर्दींनीं लिंडिसफार्नचा मठ लुटला. पुढच्या शतकांत त्यांचे भाईबंद नुसते लुटून न जातां इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत जमिनी कसून राहूं लागले. त्यांच्या भाषेंत खिडकी म्हणजे ‘विंडाउगा’ : ‘विंड’ म्हणजे वारा, ‘आउगा’ म्हणजे डोळा. सामान्यांच्या घरांना जेथें कांच ठाऊक नव्हती, तेथें भिंतींतील उघड्या भोंकाला वाऱ्याचा डोळा म्हणणें किती यथार्थ !

जुन्या इंग्रजीला शब्दाची वाण होती असें नाहीं. ‘डोळ्याचें भोंक’ या अर्थाचा ‘एआगथिरेल’ हा शब्द तिच्याजवळ होता. पाहुण्यापुढें तो टिकला नाहीं. त्यांतील भोंकवाचक ‘थिरेल’ मात्र नाकाच्या आश्रयानें वांचला आणि ‘नॉस्ट्रिल’ म्हणजे नाकपुडी या शब्दांत, ओळख हरवून कां होईना, आजही नांदतो आहे.

‘विंडाउगा’चा आघात पहिल्या अक्षरावर. त्यामुळें ‘आउगा’ झिजत गेला. तेराव्या शतकांत ‘विंडोगे’सारखीं रूपें दिसतात, पुढें तो गकारही विरघळला. डोळा ओळखूं येईनासा झाल्यावर ‘ड्’ला पहिल्या पदाशीं बांधून ठेवणारें कांहीं उरलें नाहीं, तो पुढच्या स्वराला जाऊन मिळाला. ‘डेझी’ या फुलाच्या नांवाचीही हीच कथा. दिवसा उमलून रात्रीं मिटणारें तें फूल मूळचा ‘दिवसाचा डोळा’. पण षष्ठीचा सकार दिवसाला सोडून डोळ्याला चिकटला. चौदाव्या शतकांत चॉसरला हा अर्थ ठाऊक होता.

संस्कृताच्या अभ्यासकाला येथें ‘गवाक्ष’ आठवेल. तोही डोळाच, गाईचा किंवा बैलाचा. अक्षरें तीन, पदें ‘गो’ आणि ‘अक्ष’ हीं दोनच, आणि सांधा ‘वा’च्या पोटांत दडलेला. परंतु तो सांधा कसा जुळतो याचा नियम पाणिनीनें स्फोटायनाच्या नांवानिशीं सूत्रांत नोंदवून ठेवला. ‘विंडो’ झिजत असतां इंग्लंडांत असा वैयाकरण कोणी नव्हता.