नारू आणि निरोगी पाऊल

चाकूरच्या रस्त्यानें शाळेकडे धांवणारीं मुलें पाहिलीं, कीं आम्हांस नारूची आठवण होते. त्या मुलांच्या कानांवर हा शब्द आलाही नसेल. मराठवाड्यांतील त्यांच्या आजोबांच्या पिढीस मात्र तो पुरता ठाऊक होता.

पायऱ्यांच्या बारवेंत उतरून पाणी भरण्याची चाल असे. रोग्यानें तेथें पाय बुडविला, कीं कृमीचीं पिलें पाण्यांत सुटत. तें पाणी पिणाऱ्याच्या पायांतून सुमारें वर्षभरानें दोन-तीन फूट लांबीचा दोरा निघे. तो काडीवर हळूहळू गुंडाळीत माणूस अंथरुणास खिळे, आणि शेत त्याची वाट पाही.

यावर ना औषध निघालें, ना लस. १९८० नंतरच्या दशकांतील राष्ट्रीय मोहिमेनें पाणी फडक्यानें गाळावयास शिकविलें, हातपंप बसविले. १९९६ सालीं देशांतील शेवटचा रोगी राजस्थानांत आढळला. २००० सालीं भारत नारूमुक्त ठरला.

इतिहास जयापजयांची नोंद ठेवतो. न दुखणाऱ्या पायाची नोंद कोण ठेवणार? आरोग्याची किंमत कळण्यास आजारीच पडावें असें नाहीं. गांवची जुनी बारव एकदां पाहून यावी, आणि परततांना त्याच पायांनीं चार पावलें अधिक चालावें.