यंत्र स्वस्त, शाई महाग

कचेरीतल्या छपाईचा इतिहास सांगताना यंत्रांची वंशावळ मांडायची रीत आहे: आधी टाइपरायटर, मग सायक्लोस्टाइल, मग डॉट मॅट्रिक्स, मग लेझर. या वंशावळीत एक गोष्ट निसटते. यंत्र एकदाच घेतात, शाई मात्र रोज लागते. कोणते यंत्र टिकले आणि कोणते अडगळीत गेले, हे बऱ्याचदा या रोजच्या खर्चाने ठरवले आहे. घोडबंदर रस्त्यावरच्या चेण्याचे उदाहरण घ्या. गाव मिरा-भाईंदर महापालिकेत, त्यामुळे मालमत्ता कराचे बिल महापालिकेचे. जमिनीचा सातबारा ठाणे तालुक्याच्या महसूल दप्तरातला. आणि रस्त्यावरून धावणाऱ्या ट्रकांच्या बिल्ट्यांचे कागद तिसऱ्याच जातीचे. एका गावाच्या हद्दीत तीन तऱ्हेचे कागद हिंडतात आणि प्रत्येकाचा शाईशी हिशेब वेगळा आहे.

शाईची काळजी काही संगणकाबरोबर आलेली नाही. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये शिळाप्रेसवर पंचांग छापले, हे सगळे सांगतात. त्यांनी छपाईची शाई स्वतः खटपट करून बनवली आणि पुढे खिळेही पाडले, याकडे लक्ष कमी जाते. पण धंदा उभा राहिला तो या दुसऱ्या गोष्टीवर. विलायती शाईवर विसंबणाऱ्याला पंचांग सामान्य घराला परवडेल अशा किमतीत देणे अवघडच गेले असते. गोदरेजने 1955 मध्ये देशी टाइपरायटर आणला आणि 1964 च्या राजभाषा अधिनियमाने सरकारी मराठीला बळ दिले, तेव्हा कचेऱ्यांत मराठी यंत्रांचा खडखडाट वाढला. तिथेही बचत कारकुनाच्या बोटांत होती. रिबनचा वरचा काठ फिका पडला की ती उलटी चढवून खालचा काठ वापरायचा; कार्बन एकाच जागी झिजू नये म्हणून त्याची वरची कड खाली करायची; सायक्लोस्टाइलचे स्टेन्सिल काम झाल्यावर वर्तमानपत्रात टिपून, पुन्हा लागेल म्हणून ठेवून द्यायचे. याला चिक्कूपणा म्हणून हसणे सोपे आहे. प्रत्यक्षात एका पानाला किती खर्च येतो, हे त्या कारकुनाइतके नेमके दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हते.

लेझर आल्यावरही डॉट मॅट्रिक्स का गेला नाही, याचे उत्तर मागासलेपणात शोधतात, ते चूक आहे. बिल्टीच्या तीन-चार प्रती एकदम लागतात: एक माल पाठवणाऱ्याला, एक ड्रायव्हरजवळ, एक माल घेणाऱ्याला. डॉट मॅट्रिक्सच्या सुया कागदावर आपटतात, म्हणून खालच्या कार्बन प्रतीही त्याच फटक्यात उमटतात. लेझर आपटत नाही, त्यामुळे त्याला प्रत्येक प्रत वेगळी छापावी लागते. कर्कश आवाजाचे ते यंत्र ट्रान्सपोर्टवाल्यांनी सांभाळले ते पूर्ण हिशेबाने.

लेझरची गंमत निराळी. एचपीचा लेझरजेट 1984 मध्ये आला तो कॅननचे इंजिन घेऊन, आणि टोनर व ड्रम एकाच कार्ट्रिजमध्ये बंद करून. वापरणाऱ्याची सोय झाली, पण पूड संपली की धड ड्रमही कचऱ्यात जाऊ लागला. आपल्याकडे एचपी 1020 आणि कॅनन एलबीपी 2900 घरोघरी झाले. दोन्हींची कार्ट्रिज जवळपास सारखीच, त्यांवर चिप नाही, आणि सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात. रिफिलवाला बाजूच्या पिना काढतो, दोन्ही भाग सोडवतो, ड्रमवरून खरवडलेली टाकाऊ पूड साठते तो कप्पा आधी रिकामा करतो आणि मगच नवी पूड भरतो. हा कप्पा रिकामा न करता भरलेले कार्ट्रिज पानावर पूड सांडते, आणि मग दोष रिफिलच्या माथी येतो. कंपनी 2000 पाने सांगते ती पानाचा 5 टक्के भाग काळा होईल असे धरून; चौकटी, रेघा आणि शिरोरेघांनी भरलेल्या सातबाऱ्याला हे माप तसेच लावता येणार नाही. इतर अनेक कार्ट्रिजवर मात्र कंपन्यांनी रिफिल अवघड करणाऱ्या चिपा बसवल्या. उलट दिशेने, इंकजेटला बाहेरून नळ्या आणि बाटल्या जोडून देणारे कारागीर आशियाभर वाढल्यावर एप्सनने 2010 मध्ये इंडोनेशियात स्वतःच टाकीवाला प्रिंटर काढला. गिऱ्हाइकाच्या जुगाडाला कंपनीने मान दिल्याचे इतके उघड उदाहरण विरळा.

यावर आक्षेप येईल की सरकारी कागद दीर्घकाळ टिकायला हवा, तिथे काटकसर कशाला? आक्षेप अर्धा बरोबर आहे. टाकीतली डाय शाई पाण्याने फुटते, लेझरची पूड उष्णतेने कागदाला चिकटून बसते. जपून ठेवायच्या नोंदीला लेझर किंवा पिगमेंट शाईच हवी. पण नोटीस, तपासणीचा कच्चा मसुदा, बैठकीचा अजेंडा यांना तो टिकाऊपणा लागत नाही, आणि ढीग याच कागदांचा असतो. खरी गोम खरेदीत आहे. प्रिंटर बऱ्याचदा एका खर्चशीर्षाखाली, कार्ट्रिज दुसऱ्या. निविदेत सर्वांत कमी दराचे यंत्र जिंकते आणि पुढच्या पाच वर्षांच्या शाईची बेरीज कोणत्याच टिपणीवर येत नाही. रिबन उलटवणाऱ्या कारकुनाला जे कळत होते, ते या दोन शीर्षांच्या मधल्या फटीत हरवले.

मग छापूच नका, असे ई-ऑफिसवाले म्हणतात. सातबाऱ्याचे तसेच झाले. डिजिटल सहीचा उतारा 15 रुपये भरून घरबसल्या निघतो आणि तलाठी कार्यालयाचे कार्ट्रिज तेवढे वाचते. पण बँक आणि वकील अजून कागद मागतात, म्हणून चेण्याचा खातेदार तोच उतारा झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतो. छपाई थांबली नाही, तिचा खर्च सरकारी तिजोरीतून खातेदाराच्या खिशावर आला. दुकानात मात्र यंत्र निवडणारा आणि पूड भरण्याचे पैसे देणारा माणूस एकच असतो, म्हणून प्रिंटर घेताना तो पहिला प्रश्न कार्ट्रिज कितीला भरून मिळते हाच विचारतो.