आपली मराठी एकेकाळी ॲड-ऑन होती

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेल्या पुनरावृत्ती तेवढ्या काढल्या आहेत.)

आजचा भाग एका सीडीपासून सुरू होतो.

दिवाळीत घर आवरताना आईला कपाटात एक सीडी सापडली. वर स्केचपेननं लिहिलेलं होतं, 'बाबांच्या आठवणी, २००२'. माझ्या आजोबांनी वहीत लिहिलेल्या आठवणी तेव्हा तालुक्याच्या गावी एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या होत्या. ती वही पुढे पावसात गेली. उरली ती ही सीडी. मित्राच्या जुन्या कॉम्प्युटरवर ती लावली, फाइल फोनवर घेतली आणि उघडली, तर एकही मराठी अक्षर नाही. इंग्रजी अक्षरं, मध्येच डोक्यावर टोपी असलेली युरोपातली अक्षरं, टक्क्याची खूण, डॉलरची खूण. छत्तीस पानं नुसती अशीच.

मला वाटलं, फाइल करप्ट झाली. तसं काही नव्हतं, फाइल धडधाकट होती. मग ती वाचता का येत नव्हती? याचं उत्तर शोधता शोधता मी पस्तीस-चाळीस वर्षं मागे गेलो. ती गोष्ट आज तुम्हाला सांगतो.

जुन्या पीसीवरचं तुमचं आवडतं सॉफ्टवेअर कोणतं, असं विचारलं की लोक विनॅम्प म्हणतात, व्हीएलसी म्हणतात, विनरार म्हणतात. पण मराठी घरातला किंवा ऑफिसातला पीसी असेल, तर त्यावर आणखी एक गोष्ट हमखास लागायची: मराठी लिहायची सोय. ती कॉम्प्युटरबरोबर येत नसे. वेगळी आणायची, वेगळी बसवायची. थोडक्यात काय, तर पीसीसाठी आपली भाषा हीच एक ॲड-ऑन होती.

आधी आलं एक कार्ड

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. म्हणून प्रत्येक अक्षराला एक आकडा ठरवून द्यावा लागतो. अमेरिकेत ठरलेल्या 'ॲस्की' या यादीत १२८ जागा होत्या. त्यात इंग्रजी अक्षरं, अंक, विरामचिन्हं आणि काही आतल्या कामाच्या खुणा बसल्या. 'क' ला जागाच नव्हती.

१९८० च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये यावर काम झालं आणि त्यातून 'जिस्ट' नावाचं तंत्रज्ञान उभं राहिलं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली आणि जिस्टचं काम तिकडे आलं. हीच ती 'परम' महासंगणक बनवणारी संस्था. एकीकडे महासंगणक, दुसरीकडे साध्या पीसीला भारतीय भाषा शिकवायचं काम.

जिस्टचं एक रूप म्हणजे चक्क एक कार्ड. हातात धरता येईल असं, पीसीचं झाकण उघडून आतल्या खाचेत बसवायचं. ते बसवलं की डॉसवर चालणाऱ्या वर्डस्टार, डीबेससारख्या इंग्रजी प्रोग्रॅममध्येही देवनागरी उमटायची. त्या प्रोग्रॅमना बिचाऱ्यांना आपण मराठी लिहितोय याचा पत्ताही नसे.

त्यामागची कल्पना मला फार आवडते. 'इस्की' नावाची एक भारतीय यादी तयार झाली, आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. ॲस्कीच्या १२८ जागा तशाच ठेवायच्या आणि वरच्या १२८ जागांत भारतीय अक्षरं बसवायची. पण आकडा द्यायचा तो अक्षराच्या चित्राला नाही, वर्णाला. म्हणजे 'क' चा आकडा एकच, मग तो देवनागरीत दाखवा नाहीतर तेलुगूत. 'क्त' साठी वेगळी जागा नाही, तर क, हलन्त, त असे तीन आकडे. जोडाक्षर कसं काढायचं ते मशीननं बघावं.

कीबोर्डही याच विचारानं आखला, त्याचं नाव इनस्क्रिप्ट. डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. ज्या बटणावर 'क', त्याच बटणावर शिफ्ट दाबून 'ख'. 'ग' वर शिफ्ट दाबली की 'घ'. शाळेतली बाराखडी ज्याला पाठ, त्याला हा कीबोर्ड लवकर बसतो. आजही विंडोजमध्ये तो आहे, उघडून बघा.

मग आले फॉन्ट, आणि भांडण सुरू झालं

हे सगळं इतकं नीट होतं, तर माझ्या आजोबांची फाइल का बिघडली?

कारण १९९० च्या दशकात विंडोज आलं, पेजमेकर आलं, कोरल ड्रॉ आलं. गावोगावी डीटीपीची दुकानं उघडली. लग्नपत्रिका, जाहिराती, दिवाळी अंक, सगळं कॉम्प्युटरवर होऊ लागलं. या दुकानांना सुंदर अक्षर हवं होतं, तेही आजच्या आज. आतला आकडा वर्णाचा आहे की चित्राचा, याच्याशी त्यांना काय देणं-घेणं? कागदावर नीट छापून आलं की झालं.

मग एक शक्कल निघाली. इंग्रजी फॉन्टच घ्यायचा आणि त्यातल्या अक्षरांची चित्रं बदलायची. 'ए' च्या जागी एखादा अर्धा 'म', 'बी' च्या जागी काना, टक्क्याच्या जागी रफार. कॉम्प्युटरला वाटतं इंग्रजी चाललंय, पडद्यावर दिसते मराठी. एक प्रकारचं सोंगच म्हणा ना.

काम झकास झालं. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम अशी पॅकेजं आली, शिवाजी, किरण असे फॉन्ट घरोघरी पोचले. बऱ्याच पॅकेजांबरोबर एक हार्डवेअर लॉक यायचं. कॉम्प्युटरच्या मागे ते खुपसल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नसे. डीटीपीवाले त्याला जिवापाड जपायचे. मराठी पुस्तकांची आणि वर्तमानपत्रांची एक अख्खी पिढी या सॉफ्टवेअरांवर उभी राहिली, हे विसरून चालणार नाही.

फक्त एक घोळ होता. कोणत्या इंग्रजी अक्षराच्या जागी कोणता मराठी तुकडा बसवायचा, हे प्रत्येकानं आपापलं ठरवलं. एकाचा काना तो दुसऱ्याचा उकार. त्यामुळे फाइल दुसऱ्याला द्यायची तर फॉन्टही द्यावा लागे. फॉन्ट नसेल, तर सोंग उतरतं आणि खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. माझ्या फोननं दाखवलं ते हेच. फोन खोटं बोलत नव्हता. फाइलमध्ये खरोखरच मराठी नव्हती.

इंटरनेट आलं तेव्हा हा घोळ सगळ्यांना दिसला. मराठी वर्तमानपत्रांच्या साइटी आपापला फॉन्ट वापरायच्या. काही साइटी फॉन्ट आपोआप पाठवायच्या, पण ती सोय बहुधा इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच चाले. फायरफॉक्समध्ये उघडलं की कचरा. त्यावर उपाय म्हणून फायरफॉक्सचं 'पद्मा' नावाचं ॲड-ऑन आलं. सुरुवात तेलुगूपासून झाली, मग इतर लिप्याही आल्या. ते पानावरचा फॉन्ट ओळखायचं आणि त्यातला मजकूर वाचता येईल अशा खऱ्या अक्षरांत बदलून द्यायचं. सोंगाखालचा माणूस ओळखणारं ॲड-ऑन!

आणि शोध? तो तर विसराच. 'ज्ञानेश्वर' असं शोधलं, तर त्या पानांवर सापडणार काय? सर्च इंजिनाच्या लेखी तिथं इंग्रजी अक्षरांचा ढीग होता.

खरी अक्षरं

'खरी अक्षरं' म्हणजे युनिकोड. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकाच यादीत आपापला आकडा द्यायचा, ही ती कल्पना. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, आणि तिची मांडणी घेतली होती आपल्या इस्कीवरून. म्हणजे भारतात झालेलं काम वाया गेलं नाही. ते फिरून जगाच्या यादीतून आपल्याकडे परत आलं.

पण यादीत जागा मिळाली म्हणून पडद्यावर अक्षर दिसत नाही. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली आणि 'मंगल' हा फॉन्ट आला. तो रेखाटणारे र. कृ. जोशी, म्हणजे कवी आणि सुलेखनकार. मुंबईच्या आयआयटीत त्यांनी शिकवलं होतं. २००८ मध्ये ते गेले. तुम्ही विंडोजवर कधीही मराठी वाचली असेल, तर त्यांचं अक्षर बहुधा वाचलंच आहे.

विंडोज एक्सपीवर मात्र ही सोय अनेकदा झोपलेली असायची. कंट्रोल पॅनलमध्ये जायचं, एका चौकोनात टिक करायची, मग कॉम्प्युटर विंडोजची सीडी मागायचा. ती सीडी कोणाकडे असायची? जो पीसी बसवून गेला त्याच्याकडे. टिक केली नाही, तर 'किती' मधली पहिली वेलांटी 'क' च्या पुढे जाऊन बसायची आणि जोडाक्षरं पाय मोडून पडायची.

दिसायचा प्रश्न सुटला, तरी लिहायचं कसं? इनस्क्रिप्ट शिकायला बहुतेकांना धीर नव्हता. इथं कामाला आलं 'बरहा'. कन्नडमध्ये बरहा म्हणजे लिखाण. अमेरिकेत राहणाऱ्या एका कन्नडिग इंजिनिअरनं १९९८ मध्ये ते कन्नडसाठी काढलं, पुढे त्यात देवनागरीही आली. इंग्रजी बटणं दाबा, उच्चाराप्रमाणे मराठी उमटेल. लहान 'टी' म्हणजे त, कॅपिटल 'टी' म्हणजे ट. 'गमभन' ही मराठी सोयही याच वाटेवरची. ती थेट मराठी संकेतस्थळांच्या लिहायच्या चौकटीतच बसवलेली असायची. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. तिथं, आणि ब्लॉगांवर, लोक रात्र रात्र जागून लिहायला लागले. कोणी पुण्यात, कोणी न्यू जर्सीत. पगार नाही, मानधन नाही. आज तुम्ही मराठीत काही शोधता आणि सापडतं, त्यात या लोकांचा मोठा वाटा आहे.

पुढे गूगलची आणि मायक्रोसॉफ्टची टायपिंगची साधनं आली, फायरफॉक्स आणि लिबरऑफिससाठी मराठी शुद्धलेखन तपासणाऱ्या डिक्शनऱ्या आल्या. २०१९ मध्ये विंडोज १० मध्येच उच्चारानुसार लिहायचा मराठी कीबोर्ड आला. ॲड-ऑन अखेर मशीनच्या आत गेलं.

दर्या की दऱ्या

आता एक बारीक गोष्ट, खास मराठीची. 'दर्या' म्हणजे समुद्र. 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. पहिल्यात रफार, दुसऱ्यात तो आडवा, पापणीसारखा अर्धा र. हिंदीला हा फरक लागत नाही. मराठीत तो नसेल तर आचाऱ्याचा आचार्य होतो.

युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. एक, खाली नुक्ता असलेला 'ऱ' घेऊन त्याला हलन्त लावायचा. दोन, साधा 'र', हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण आतले आकडे वेगळे. म्हणून एकानं लिहिलेलं 'दुसऱ्या' शोधताना दुसऱ्याचं 'दुसऱ्या' काही वेळा निसटतं. म्हणजे खरी अक्षरं आली, तरी घोळ पुरता मिटला असं नाही. भाषेच्या बारकाव्यांवर लक्ष ठेवणारं माणूस लागतंच.

तुमच्या कपाटातली सीडी

आता आजोबांच्या फाइलकडे येऊ. मी काय केलं ते सांगतो, तुम्हालाही उपयोगी पडेल.

आधी मूळ फाइलची एक प्रत जशीच्या तशी बाजूला ठेवली. दुसऱ्या प्रतीवर काम. ती लॅपटॉपवरच्या वर्ड प्रोसेसरमध्ये उघडली आणि मजकूर निवडून फॉन्टचं नाव बघितलं. नाव तिथं टिकलेलं होतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं तेच. मग तो फॉन्ट मिळवून बसवला. पडद्यावर एकदम मराठी! लगेच पीडीएफ करून ठेवली, म्हणजे निदान पानांची चित्रं तरी सुरक्षित. त्यानंतर त्या फॉन्टसाठी असलेल्या कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोडमध्ये बदलला.

शेवटचं काम मशीनचं नाही, आपलं. पीडीएफ समोर ठेवून ओळ न् ओळ तपासायची. पहिली वेलांटी, रफार आणि अर्धा र, चुका इथंच सापडतात. आई वाचत होती, मी दुरुस्त करत होतो. एके ठिकाणी आजोबा लहानपणी माळशेजच्या बाजूला गुरं घेऊन जायचे, आणि कन्व्हर्टरप्रमाणे खाली दूरवर दर्या दिसायचा. आई म्हणाली, "अरे, तिथं कुठला समुद्र? दऱ्या म्हणायचंय त्यांना."

दऱ्या केलं. सेव्ह केलं. फोनवर 'माळशेज' असं शोधलं, आणि फाइल सापडली.

तर मंडळी, सीडीवरचा थर दरवर्षी खराब होतोय, सीडी वाचणारे कॉम्प्युटर कमी होतायत, आणि कोणता फॉन्ट वापरला होता हे आठवणारी माणसंही. घरी विचारा. आत्याच्या कविता असतील, संस्थेचा अहवाल असेल, गावच्या जत्रेची स्मरणिका असेल. फाइल उघडून कचरा दिसला, तर डिलीट करू नका. तो बहुतेक वेळा कचरा नसतो. सोंग घेतलेली मराठी असते.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत ऐकत राहा.