लोणारचा खड्डा आणि तवक्कुल

काच आणि साबणाला लागणारा माल लोणारला मिळतो, अशी नोंद अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त केली. बुलडाणा जिल्ह्यातला हा सुमारे १.८ किलोमीटर रुंद खड्डा कशाने पडला, हे तेव्हा ठाऊक नव्हते. पुढे भूगर्भतज्ज्ञ त्याला ज्वालामुखीचे मुख समजत. १९७३ साली आघाताने काच झालेल्या खनिजाने अशनीपात सिद्ध केला.

धोका ओळखला की बचावही सुचतो. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचे ‘डार्ट’ यान डिमॉर्फोस या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवले. डिडिमोसभोवतीची त्याची फेरी सुमारे अर्ध्या तासाने कमी झाली.

अल्लाहची मर्जी म्हणून हातावर हात धरून बसणे म्हणजे तवक्कुल नव्हे. आधी उंट बांधायचा, मग भरवसा ठेवायचा.