तबकातल्या झाडाची शाळा

माघ महिन्यातला रविवार. सकाळचे साडेनऊ. पुण्यातल्या एका बंगल्याच्या मागल्या पडवीत आम्ही अकरा जण एका लांबलचक टेबलाभोवती बसलो होतो. दोन निवृत्त बँक अधिकारी, एक दंतवैद्य बाई, लग्नाला वर्षही न झालेले एक जोडपे, कॉलेजातली काही मुले आणि मी, शाळेतला चित्रकलेचा मास्तर. प्रत्येकापुढे एकेक नांदरुकीचे रोप, एक कात्री, तारेचे भेंडोळे आणि एक उथळ ताटली. चार रविवारांचा बोन्सायचा वर्ग होता तो.

शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "आता रोप कुंडीतून काढा, माती झाडा, आणि मुळं एक-तृतीयांश कापा."

माझा हात काही चालेना. वीस वर्षे मी मुलांना "बिनधास्त रेघ ओढा" असे सांगत आलो. पण कागदावरची रेघ खोडता येते, कापलेले मूळ चिकटवता येत नाही. शेवटी बाईंनी माझ्या मनगटाला धरले आणि कात्री मिटली. त्या 'कच्' अशा आवाजासरशी मी बोन्सायचा विद्यार्थी झालो म्हणायचा.

दुपारी ताटली घेऊन घरी आलो, तर आई दारातच उभी. तिने झाडाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "अरे, वडापिंपळाच्या जातीला फेऱ्या मारायच्या असतात. त्याला ताटात वाढून घेतोस होय?"

आईचे म्हणणे अगदीच खोडून काढण्याजोगे नव्हते. जपानी भाषेत 'बोन' म्हणजे उथळ तबक आणि 'साय' म्हणजे लावणे. झाड ताटात वाढणे, हाच त्या शब्दाचा अर्थ! झाडाची उपासमार होते हा समज मात्र खोटा. त्याला खत मिळते, पाणी मिळते. आणि मुळे कापतात ती त्याला खुरटवण्यासाठी नव्हे. कुंडीत मुळांचे वेटोळे होऊन झाड आपल्याच मुळांनी घुसमटते. ती कापली की नवी, बारीक तंतुमुळे फुटतात आणि त्यांवरच झाड जगते. हे सारे मी आईला सांगितले. ती "हं" म्हणाली आणि आत गेली.

परंतु माझ्या मास्तरी डोक्यात किडा वळवळू लागला होता तो निराळाच. टेबल, अकरा विद्यार्थी, प्रत्येकाच्या हातात एक झाड आणि तीन तासांत एक धडा, ही पद्धत काढली कुणी? कारण जी विद्या आजोबाने लावलेल्या झाडाला नातवाने पाणी घालण्याची, ती रविवारच्या तासांत बसवणे म्हणजे एखाद्या घराण्याचा ख्याल शाळेच्या वेळापत्रकात कोंबण्यासारखेच. मी वाचू लागलो. शिक्षण मॅट्रिकपुरते, जपानी तर सोडाच, इंग्रजीही शब्दकोश मांडीवर घेऊन. परंतु हाती लागले ते वाचकांना सांगितल्यावाचून राहवत नाही.

ही कला मूळची चीनची. तेथे शान्सी प्रांतात तांग राजघराण्यातल्या ज्हांगह्वाय नावाच्या राजपुत्राची कबर आहे. 1971–72 साली ती उकरली, तेव्हा आतल्या भिंतींवर इ. स. 706 मधली चित्रे सापडली. त्यांतल्या एका चित्रात एक सेवक हातात तबक घेऊन चालला आहे आणि त्या तबकात दगड व लहानशी झाडे आहेत. बौद्ध भिक्षू आणि व्यापारी यांच्या जा-ये बरोबर ही हौस जपानात गेली. 1309 सालच्या एका जपानी चित्रपटात (गुंडाळीच्या पटात हो, सिनेमात नव्हे!) मांडणीवर ओळीने ठेवलेल्या कुंड्यांतली झाडे दिसतात.

जपानी माणसाला ही झाडे किती मोलाची वाटत, हे सांगणारे एक जुने नोह नाटक आहे: 'हाची नो की', म्हणजे कुंडीतली झाडे. सानो गावचा त्सुनेयो नावाचा एक सामुराई. भाऊबंदांनी त्याची जमीन लुबाडलेली. नवराबायको एका मोडक्या झोपडीत राहतात. एका रात्री भयंकर बर्फ पडत असता एक भिक्षू आसरा मागतो. घरात वाढण्याजोगे काही नाही म्हणून त्सुनेयो आधी त्याला नाही म्हणतो. मग राहवत नाही, बर्फात धावत जाऊन त्याला परत बोलावतो. भाताऐवजी भरड धान्य शिजवून घालतो. रात्र चढते, थंडी वाढते आणि घरात सरपणाची काडी नाही. वैभवाच्या दिवसांतली तीन झाडे तेवढी त्याने जपून ठेवलेली: प्लमचे एक, चेरीचे एक आणि पाइनचे एक. तो ती एकेक करून तोडतो आणि पाहुण्यासाठी शेकोटी पेटवतो. बोलता बोलता सांगतो की माझे चिलखत गंजले आहे, घोडा रोडावला आहे, परंतु कामाकुराहून हाक आली तर सर्वांआधी मी हजर होईन. पुढे खरोखरच हाक येते, आणि हा फाटका वीर आपल्या मरतुकड्या घोड्यावर जाऊन हजर होतो. पाहतो तो काय, त्या रात्रीचा भिक्षू म्हणजे सत्ताधीश होजो तोकियोरी! तो सानोची जमीन तर परत देतोच, वर तीन झाडांबद्दल तीन गावे देतो, आणि तीही कशी? एकाच्या नावात प्लम, दुसऱ्याच्या चेरी, तिसऱ्याच्या पाइन. तोकियोरी तेराव्या शतकातला खरा राज्यकर्ता. गोष्ट मात्र दंतकथाच. आपल्याकडे अतिथीसाठी पोटचे पोर देणाऱ्या चिलयाच्या आईबापांची कथा आहे. तिच्या पंक्तीला ही कथा बसावी, असे मला वाटते.

आता शिकण्याविषयी. गुरूच्या घरी राहायचे, झाडलोट करायची, कुंड्या उचलायच्या आणि पाणी घालायचे. गुरू बोलून फारसे शिकवीत नसे, शिष्याने पाहायचे. 'पाणी घालणे, तीन वर्षे' अशी म्हणच जपानी माळ्यांत आहे. म्हणजे केवळ पाणी कसे घालावे हे कळायलाच तीन वर्षे लागतात! प्रथम वाचले तेव्हा मला ही गुरुलोकांची लबाडी वाटली. फुकटचा पाणक्या मिळतो, दुसरे काय! पण पुढचा इतिहास वाचला आणि माझे मत बदलले.

1 सप्टेंबर 1923. ऐन दुपारच्या स्वयंपाकाच्या वेळी तोक्योला भूकंपाचा धक्का बसला. चुली उलथल्या, लाकडी घरांना आगी लागल्या आणि लाखावर माणसे गेली. शहरातल्या बोन्सायवाल्यांच्या बागांचीही वाताहत झाली. त्यांतल्या काहींनी ठरवले, पुरे झाले हे शहर. तोक्योच्या उत्तरेला सुमारे तीस किलोमीटरवर ओमिया येथे त्यांना चांगली माती, चांगले पाणी आणि मोकळी हवा मिळाली. 1925 साली तेथे बोन्सायचे गावच वसले. 1928 साली रहिवाशांनी आपले नियम केले ते असे: येथे राहणाऱ्याने निदान दहा बोन्साय बाळगावेत, फाटक सर्वांना उघडे ठेवावे, घर दुमजली बांधू नये, कुंपण झुडपांचेच असावे. दुमजली घर का नको, हे ज्याच्या गॅलरीतले ऊन शेजारच्या इमारतीने खाल्ले आहे त्याला वेगळे सांगायला नको!

दहा वर्षांत तेथे तीसेक बागा झाल्या. मग महायुद्ध आले. तरुण शिष्य सैन्यात गेले. बोन्साय म्हणजे चैन ठरली; जमीन हवी ती भाजीपाल्याला. आता येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. रानातले झाड आठ दिवस पाण्यावाचून काढील. बोटभर उंचीच्या तबकातले झाड उन्हाळ्यात दोन दिवसही काढणार नाही. शंभर वर्षांचे झाड, तीन पिढ्यांनी वळवलेले, एका शनिवार-रविवारात संपते. युद्धात कित्येक झाडे गेली ती अशी, बाँबने नव्हे, तहानेने. ओमियातल्या क्यूझो मुराता यांच्यासारख्या मोजक्या माणसांनी चिकाटीने पाणी घालून जी जगवली, ती जगली. त्या काळात कुणी सुबक फांदी वळवल्याचे कौतुक नाही; झारी उचलणाराच खरा कलावंत.

1945 साली जपान हरला आणि अमेरिकन फौजा आल्या. पाठोपाठ अधिकाऱ्यांच्या बायका आल्या. हाती वेळ भरपूर, आणि ओमियाचे फाटक तर नियमानेच उघडे! त्या येऊन पाहू लागल्या आणि विचारू लागल्या, "हे आम्हांला शिकवाल का?" या बायका गुरूच्या घरी राहणार नव्हत्या, तीन वर्षे पाणी घालणार नव्हत्या. नवऱ्याची बदली झाली की बोटीत बसणार होत्या. त्यांना शिकवायचे तर विद्येचे तुकडे पाडणे भाग होते.

ते काम यूजी योशिमुरा या तोक्योच्या तरुणाने केले. बाप तोशिजी योशिमुरा हा नावाजलेला बोन्सायकार. 1934 साली उएनोच्या कलासंग्रहालयात जे पहिले कोकुफू प्रदर्शन भरले, ते उभारणाऱ्यांपैकी एक. मुलगा बागकामाच्या शाळेत शिकलेला. 1952 साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्याने आल्फ्रेड कोएन या जर्मन गृहस्थाच्या साहाय्याने तोक्योत परदेशी मंडळींसाठी बोन्सायचा रीतसर वर्ग काढला. आज माती, उद्या मुळे, परवा तार. पाहणे नव्हे, प्रत्येकाने स्वतःच्या हाताने करणे. पुढे जिओव्हाना हॅलफर्ड या बाईंच्या जोडीने त्याने 1957 साली इंग्रजीत एक पुस्तक लिहिले, पायरीपायरीने चित्रे देऊन. 1958 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन वनस्पती उद्यानाने त्याला शिकवायला बोलावले. तो अमेरिकेत राहिला आणि 1997 साली तेथेच वारला.

दुसऱ्या किनाऱ्यावर, लॉस एंजलिसला, जॉन नाका होता. जन्म 1914 साली अमेरिकेतच, पण बालपण जपानात आजोबांच्या हाताखाली गेलेले. त्याने लॉस एंजलिसच्या वर्गांतून आणि जगभर हिंडून शिकवले. त्याचे अकरा जुनिपरांचे छोटे रान आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात आहे. अकरा नातवंडे, म्हणून अकरा झाडे. आपल्याकडे मुंबईत इंडो-जपानीज असोसिएशनच्या बोन्साय अभ्यास गटाने वड, उंबर, नांदरूक अशा आपल्या झाडांवर ही विद्या चालवली. तेव्हा माझ्यासमोरच्या त्या लांब टेबलाचे दुसरे टोक 1952 सालच्या तोक्योत होते तर!

ज्याने हे तुकडे पाडले त्याला मी दोष देणार नाही. तसे न होते तर माझ्यासारख्याला या झाडाजवळ कुणी उभेही केले नसते. कापणे तीन तासांत दाखवता येते, तार बांधणे दोन रविवारांत येते. पाणी घालणे मात्र कोणत्याही रविवारात बसत नाही. वर्गात बाईंनी ते सांगितले होते. आम्ही वहीत लिहून घेतले आणि विसरलो.

वॉशिंग्टनच्याच त्या उद्यानात पांढऱ्या पाइनचे एक झाड आहे. 1625 सालापासून ते कुंडीत वाढते आहे. अमेरिकन स्वातंत्र्याला दोनशे वर्षे झाली तेव्हा, 1976 साली, जपानने 53 बोन्साय भेट पाठवले, त्यांत मासारू यामाकी यांनी दिलेले हे एक. पंचवीस वर्षे ते तेथे उभे होते. 2001 साली यामाकींचे दोन नातू ते पाहायला आले आणि त्यांनी सांगितले तेव्हा उद्यानातल्या लोकांना कळले की हे झाड हिरोशिमाचे. 6 ऑगस्ट 1945 च्या सकाळी अणुबाँब पडला त्या जागेपासून ते सुमारे तीन किलोमीटरवर, यामाकींच्या बागेच्या भिंतीआड होते. घराच्या काचा फुटल्या. घरची माणसे वाचली, झाडही वाचले. यामाकींनी ज्या देशाने बाँब टाकला त्याच देशाला ते दिले, आणि देताना याचा गवगवा केला नाही.

मी हे वाचले तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा: त्या दिवशी, सात ऑगस्टला, त्या झाडाला पाणी कुणी घातले असेल?

माझ्या नांदरुकीची हकीकत थोडक्यात सांगतो. आषाढात झाड असे काही फोफावले की फांदीवरची तार महिन्याभरात सालीत रुतली. मी ती उलटी उकलू लागलो, तो साल सोलून निघाली. तार उकलायची नसते, जागोजागी कापून तुकड्यांनी काढायची असते, हे बाईंनी मला नंतर फोनवर सांगितले. तो वण अजून आहे. मग ऐन मेच्या उन्हात आठ दिवस शाळेच्या कामासाठी परगावी जावे लागले. जाताना आईला काही सांगायचे धैर्य झाले नाही. झाड गेलेच असे धरून परत आलो, तर ताटली गॅलरीतल्या कठड्याच्या सावलीत सरकवलेली आणि पाने हिरवीगार.

"पाणी कोणी घातलं?" मी विचारले.

"भूत येऊन घालणार आहे का?" आई म्हणाली. "सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं. बोट घालून बघायचं, वरची माती सुकली की घालायचं. ताटात बसवलंस ना, मग आता त्याचं ताट कुणीतरी बघायला नको?"